रुंद टायर आणि खेळाची मर्यादा

हौशी मोटारस्पर्धेत उतरणारा चालक गाडीत पहिला बदल करतो तो बहुधा टायरचा. इंजिनाची ताकद वाढवणे खर्चाचे आणि किचकट असते. कंपनीने दिलेल्यापेक्षा रुंद टायर बसवणे त्यामानाने सोपे असते आणि वळणावर फरक लगेच जाणवतो. पण या साध्या बदलातून क्रीडेच्या तत्त्वज्ञानातला एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. अधिक चांगले साधन उपलब्ध असताना ते वापरू नये, असे सांगणाऱ्या नियमाला आधार कोणता? आणि ते वापरून मिळालेले यश कोणाचे मानायचे, चालकाचे की टायरचे?

रुंद टायर नेमके काय करतो, हे आधी पाहायला हवे. फ्रेंच अभ्यासक आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार घर्षण भारावर अवलंबून असते, टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नाही. हा नियम रबराला तंतोतंत लागू पडला असता, तर रुंदीने फारसे काही साधले नसते. रबर मात्र वेगळे वागते. भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो आणि तिथेच ही तूट भोवते. हवेचा दाब तोच ठेवला, तर रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग फारसा मोठा होत नाही; लांबट होता तो आखूड आणि आडवा होतो. या आकारामुळे गाडी वळणाला लवकर प्रतिसाद देते. शिवाय रुंद टायर कमी दाबावर चालवता येतो, तेव्हा टेकणारे रबर खरोखर वाढते आणि उष्णताही अधिक रबरात विभागली जाते.

या लाभाची किंमतही असते. चाक जड होते, पावसात टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो, टायर मडगार्डला घासू शकतो. रिम अरुंदच राहिली तर टायरच्या कडा आत आवळल्या जातात, बाजू फुगतात आणि वाढीव रुंदीचा काही भाग वाया जातो. म्हणजे ‘जितका रुंद तितका चांगला’ हे विधान यंत्रशास्त्राच्या पातळीवरही बिनशर्त खरे नाही.

आता मूळ प्रश्न. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची व्याख्या केली. तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडून सरळ धाव घेतली, तर गडी लवकर हाती लागेल. पण ती सोय नाकारण्यातूनच खो-खो घडतो; पाटी ओलांडून गडी पकडणारा हा खेळ अधिक चांगला खेळत नाही, तो खेळतच नसतो. सूट्स यांच्या मते नियम कमी कार्यक्षम साधन पत्करायला लावतात आणि खेळाडू ते पत्करतो, कारण त्याशिवाय ती कृती शक्यच नसते.

अमेरिकेतील ऑटोक्रॉस हा या विचाराचा चांगला नमुना आहे. विमानतळाच्या धावपट्टीवर किंवा मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून वाट आखली जाते, एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धावते आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळेत दोन सेकंद वाढवले जातात. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ने यासाठी गाड्यांचे वर्ग पाडले आहेत. ‘स्ट्रीट’ या मूळ रूपाच्या जवळ असलेल्या गटात रिमची रुंदी कंपनीने दिली तीच ठेवावी लागते. त्या रिमवर आणि गाडीत बसेल तो टायर मात्र चालतो. अधिक बदलांची मुभा असलेल्या गटांत रिमही रुंद करता येते. रेषा इथेच का ओढली, याला निसर्गात उत्तर नाही. ती सर्वांनी मान्य केलेली आहे, इतकेच. पण संकेताने ठरलेली गोष्ट निरर्थक असते असे नाही. सर्वांना समान लागू होणे आणि आधी जाहीर असणे या दोन अटी पाळल्या, की रेषा कुठे आहे यापेक्षा ती आहे हे महत्त्वाचे ठरते.

नियमाचे शब्द आणि त्याचा हेतू यांतले अंतरही टायरमध्येच स्पष्ट दिसते. ‘स्ट्रीट’ गटात टायरचा झीजनिर्देशांक किमान २०० असावा लागतो. अतिमऊ, क्षणभंगुर रबर दूर ठेवणे हा त्याचा उद्देश. पण अमेरिकी पद्धतीत हा आकडा टायर कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे २०० चा शिक्का असलेले, तरीही प्रामुख्याने स्पर्धेसाठी घडवलेले टायर बाजारात आले. ते वापरणारा नियम मोडत नाही. मात्र दैनंदिन टायरवर खेळता यावे हा हेतू विरळ होतो. अशा वेळी दोष एकट्या खेळाडूवर टाकता येत नाही. उणीव नियमाच्या मोजमापात असते आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांची असते.

दुसरा प्रश्न पैशाचा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फ्रेड हिर्श यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की काही वस्तूंचे मोल इतरांकडे त्या नसण्यावर अवलंबून असते. रुंद टायरचा बराचसा लाभ असाच आहे. पहिल्या स्पर्धकाला त्याचा फायदा होतो. सर्वांनी तो बसवला की क्रमवारी जवळपास पूर्ववत होते आणि खर्च तेवढा प्रत्येकाच्या माथी उरतो. हौशी खेळात हे अधिक गंभीर, कारण बक्षीस नाममात्र असते आणि खर्च न झेपणारा खेळाडू मुकाट्याने बाहेर पडतो. म्हणून रुंदीवरची मर्यादा स्वातंत्र्याचा संकोच करत नाही, तर कमी ऐपतीच्या खेळाडूसाठी खेळाचे दार उघडे ठेवते.

तिसरा प्रश्न अधिक पकड हे साध्य आहे का, हा. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ या गाडीला २१५/४५ आर १७ मापाचे, पकडीच्या दृष्टीने साधे टायर दिले होते. सामान्य वेगातही गाडी पकडीच्या सीमेवर यावी आणि ती सावरण्याचा आनंद चालकाला मिळावा, ही मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूची भूमिका होती. त्याच गाडीला योग्य रिमवर २४५/४० आर १७ टायर बसवले, तर चाकाचा व्यास जेमतेम अडीच मिलिमीटरने वाढतो, पण वळणावरचा वेग स्पष्टपणे वाढतो. सीमा दूर जाते. ती ओळखण्याचे शिक्षण मात्र अधिक वेगात आणि चुकीला कमी वाव असताना घ्यावे लागते. ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारात योग्य प्रमाण सर्वांसाठी एक नसते. ते व्यक्तीच्या स्थितीनुसार विवेकाने ठरवावे लागते. नवशिक्याला अरुंद टायर जे शिकवतो, ते अनुभवी चालकाने आधीच आत्मसात केलेले असते.

तेव्हा रुंद टायर स्वतः ना न्याय्य, ना अन्याय्य. वर्गाच्या नियमात बसणारा टायर निवडणे, तो बसवणे आणि त्याच्या स्वभावानुसार गाडी चालवणे हा कौशल्याचाच भाग आहे. त्यातून आलेले यश चालकाचे. नियमापेक्षा रुंद टायर लपवून मिळवलेली वेळ घड्याळात खरी असली, तरी तिला विजय म्हणता येत नाही, कारण ज्या खेळात तो विजय ठरला असता तो खेळ त्या चालकाने खेळलेलाच नसतो.