मोटारसायकलला विमा, दारातल्या कुत्र्याला नाही

यवतमाळ जिल्ह्यात कुत्रं हौसेपेक्षा गरजेपोटी पाळलं जातं. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर उद्ध्वस्त करतात, म्हणून शेतकरी जागलीला जातो आणि त्याच्यासोबत कुत्रंही जातं. दिवसा तेच कुत्रं अंगणात मोकळं असतं. तिथून शेजारी जातो, पोस्टमन येतो, एखादं पोर चेंडू आणायला शिरतं. रात्री अनोळखी पावलावर धावून जावं म्हणून ठेवलेलं जनावर दिवसाही धावून गेलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? प्रश्न त्यानंतरचा आहे. चावा बसला, रक्त आलं, मग भरून कोण देणार?

कापूस वेचणीच्या दिवसांत एका मजूर बाईच्या पोटरीला शेजारच्या पाळलेल्या कुत्र्याने चावा घेतला असं धरू. जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि मग दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती गावोगाव अजून आहे. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता त्वचेत टोचायची लस त्याच दिवशी आणि पुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. चाव्याने त्वचा भेदून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. ते जवळच्या दवाखान्यात नसलं, तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं. झरी-जामणीकडून यवतमाळला येणं म्हणजे अख्खा दिवस मोडणं, सोबत येणाऱ्याचाही. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. सुजलेल्या पायाने ओळीत उभं राहता आलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. लस फुकट असूनही त्या घराचा पुढचा महिना कोलमडतो.

कायदा इथे काय करतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड हजार रुपयांचा होता. मुंबईत 2010 साली मोटारीतून बाहेर पडलेल्या एका रॉटवायलरने 72 वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती जानेवारी 2023 मध्ये, म्हणजे जवळपास तेरा वर्षांनी. वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये 2018 साली हस्की चावला. त्याच्या मालकाला 2025 मध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. हे निकाल योग्यच आहेत. पण मालक तुरुंगात गेल्याने चावलेल्याची मजुरी परत येत नाही. दंड सरकारजमा होतो. त्यातून भरपाई द्यायची की नाही, हे न्यायालयाच्या हाती. दिवाणी दावा लावायचा तर वकील, तारखा आणि खर्च आले. म्हणून गावात प्रकरण चार माणसांत बसून मिटतं, आणि तिथे ज्याचं वजन जास्त त्याचा शब्द चालतो.

काही बाबतींत भरपाईची वाट ठरलेली आहे. याच जिल्ह्यात पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात तेरा जणांच्या मृत्यूशी जिचं नाव जोडलं गेलं, ती टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी मारली गेली. वाघाने माणूस मारला किंवा गाय नेली, तर शासनाची ठरलेली मदत आहे. मोटारसायकलने कुणाला उडवलं, तर मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला त्रयस्थ विमा आहे. पाळीव कुत्र्याच्या चाव्यामागे मात्र मालकाच्या ऐपतीखेरीज काहीच उभं नाही.

घराचा विमा असलेल्यांनाही इथे आधार नाही. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप, वीज यांपासून घराचं आणि घरातल्या सामानाचं रक्षण करते. घरमालकामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी ती घेत नाही. काही कंपन्यांच्या मोठ्या घरगुती पॉलिसींत सार्वजनिक दायित्वाचा वेगळा भाग असतो. त्यात पाळीव जनावर बसतं का, हे अटी वाचूनच कळतं. पाळीव कुत्र्यांसाठीच्या काही विम्यांत त्रयस्थाच्या इजेचं कलम घेता येतं, पण त्यांची जाहिरात शहरी फ्लॅटपर्यंतच पोचते. जागलीच्या कुत्र्याकडे कंपन्यांचं लक्ष नाही.

अमेरिकेत घराच्या विम्यातच ही जबाबदारी येते. तिथल्या विमा कंपन्यांनी 2023 साली कुत्र्यांमुळे झालेल्या इजांच्या दाव्यांवर एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. तिथेही सगळं आलबेल नाही. एक दावा झाला की पुढच्या वर्षी पॉलिसी नाकारली जाऊ शकते किंवा कुत्रं वगळलं जाऊ शकतं. पिटबुल, रॉटवायलर अशा जातींना काही कंपन्या दारातही उभं करत नाहीत. न्यूयॉर्क राज्याने जातीवरून होणारा असा भेद कायद्याने रोखला. जर्मनीत बर्लिन आणि हॅम्बुर्गसारख्या राज्यांत कुत्रा पाळायचा तर दायित्वाचा विमा काढावाच लागतो. हा मार्ग अधिक सरळ आहे.

विमा आला की मालक बेफिकीर होईल, अशी शंका घेतली जाते. तसं व्हायचं कारण नाही. कलम 291 कायम राहणारच आहे, शिवाय कंपनी लसीकरणाचा दाखला मागेल, आणि आज गावात तो सहसा कुणी मागत नाही. दुसरी शंका अधिक खरी आहे. 2023 च्या खरिपात एक रुपयात आलेला आणि 2025 च्या खरिपात ती सवलत गमावलेला पीक विमा या जिल्ह्याने पाहिला आहे. ‘विमा’ म्हटलं की शेतकरी सावध होतो. म्हणून चाव्याच्या दायित्वाचं कलम वेगळी योजना म्हणून नको. ते ‘भारत गृह रक्षा’च्या मूळ मसुद्यातच यावं, आणि कच्च्या घरातल्या कुत्रेवाल्यांसाठी ग्रामपंचायतीच्या नोंदीशी व रेबीजच्या लसीशी जोडलेला, नाममात्र हप्त्याचा सामूहिक विमा असावा. विमा नियामक प्राधिकरणाने हे करायला हवं.

तोवर कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाने दोन कामं या महिन्यातच करावीत. कुत्र्याला लस टोचून दाखला जपून ठेवावा. आणि घराची पॉलिसी असेल तर एजंटला समोर बसवून विचारावं: माझा कुत्रा शेजारणीला चावला, तर यातून तिला काय मिळेल? उत्तर लेखी घ्यावं.