जुनी गाडी आणि नवा धनी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या थंडीवाऱ्यात पायी येतात, आणि बहुतेक दिंडीमागे सामानाची एखादी गाडी असतेच. यंदा दर्शन झाल्यावर अशाच एका गाडीच्या आडोशाला आम्ही भाकरी खात बसलो होतो. गाडीचे मालक निफाड तालुक्यातले जुने माळकरी. हात धुता धुता ते म्हणाले, "बुवा, एक इचारू का? ही गाडी इकावी का ठेवावी, हेच कळंना झालंय."

प्रश्न ऐकून मंडळी हसली. गाडीच्या सौद्यात परमार्थ कसला? पण त्यांची हकीकत ऐकली, आणि हसणारे गप्प झाले.

गाडी २००७ सालची. मीटरवर तीन लाख बारा हजार किलोमीटर. मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती २०२२ साली संपली तेव्हा त्यांनी पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. ती आता २०२७ साली संपणार. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीचे ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, विमा, दुरुस्ती. हा झाला हिशेब. पण याच गाडीतून त्यांच्या थोरल्या लेकीची पाठवणी झाली, आणि याच गाडीतून वडिलांना शेवटचे नाशिकला दवाखान्यात नेले. म्हातारबाबा वाटेत म्हणाले होते, "गाडी सांभाळा." हा दुसरा हिशेब.

प्रथम हा दुसरा हिशेब पाहू. म्हातारा झालेला बैल कसायाच्या दारी जाऊ नये असे शेतकऱ्याला वाटते, ते योग्यच आहे. बैलाला जीव आहे, त्याला दुःख कळते, त्याचे ऋण खरे आहे. लोखंडाला दुःख नाही. आपण गाडीवरून हात फिरवतो तेव्हा खरे म्हणजे वडिलांच्या पाठीवरून हात फिरवत असतो. ती माया खोटी नव्हे. पण तिचे ठिकाण गाडीत नाही, आपल्यात आहे. म्हणून गाडी गेली तरी वडील जात नाहीत, आणि गाडी ठेवली म्हणून ते परत येत नाहीत. "गाडी सांभाळा" म्हणणाऱ्या बापाच्या मनात पत्रा होता की गाडीत बसलेली पोरे होती, हे ज्याचे त्याने ओळखावे.

आता पहिला हिशेब. मीटरचा आकडा मोठा म्हणून गाडी टाकाऊ, हाही एक भ्रमच. सरळ रस्त्यावर वेगात चाललेली, वेळेवर तेल बदललेली तीन लाखांची गाडी, चिखलात ओझ्याने पिळलेल्या दीड लाखाच्या गाडीपेक्षा निरोगी असू शकते. शेजाऱ्याने नवी घेतली म्हणून आपली धडधाकट गाडी काढून टाकणे आणि डोक्यावर कर्ज घेणे, याला शहाणपण म्हणत नाहीत. गाडीचे वय खरे कळते ते तिच्या खाली शिरल्यावर. चासीला गंज किती, पाटे बसले का, टायरचे रबर कडक पडून चिरले का, हे पाहावे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ते वेळेवर बदलले नाही, तर कसारा घाट किंवा सप्तशृंगीचा घाट उतरताना तापून उकळते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. तेल बदलता येते, टायर बदलता येतात. चासी कुजली तर मात्र गाडीचा कणाच गेला.

आमच्या माळकऱ्यांच्या गाडीचे तेच झाले होते. मिस्त्रीने मागच्या पाट्यांजवळची चासी दाखवली. दोनदा वेल्डिंग झालेले, आणि पुन्हा तडा. "गावात हळू चालवा, पण माणसं भरू नका," असे तो म्हणाला. मग दलाल आला. त्याचे म्हणणे असे, की पुट्टी आणि काळा रंग मारला की खालचे काही दिसत नाही. मीटरही मागे घेता येते. एक लाख चाळीस हजार सहज येतील. आणि खरे सांगून विकायची, तर भंगाराच्या भावात. माळकऱ्यांनी विचारले, घेणार कोण? दलाल म्हणाला, "द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची मजूर माणसं आणायला लागते हो. चालून जातं."

वाचकहो, प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. धाकटीच्या कॉलेजची फी भरायची आहे. एका गप्प बसण्याने लाखभर रुपये घरात येतात. कोणी म्हणेल, बाजाराचा नियमच आहे, घेणाऱ्याने पारखून घ्यावे. पण बैलाचा जबडा उघडून दात मोजता येत होते. रंगाखालचा तडा कसा मोजणार? जाणणारा एक आणि न जाणणारा दुसरा, तिथे पारख करण्याची जबाबदारी जाणणाऱ्यावर येते. शिवाय वीस वर्षांची गाडी सुखवस्तू माणूस घेत नाही. जुनी वस्तू उतरत उतरत गरिबाच्याच दारी जाते, आणि तिचा दोषही त्याच्याच पदरी पडतो. तुकोबांचे घराणे दुकानदारीचे. लोकांची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी परंपरा सांगते. तेवढे आपल्याला झेपत नाही. पण दुसऱ्याच्या गळ्यात नवे खत न बांधणे तर झेपते?

कायदाही थोडे हेच सांगतो. गाडी विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते; आणि नावावरून उतरली नाही तोवर अपघाताच्या भरपाईला नोंदलेला मालकच बांधलेला, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. पण नाव उतरले म्हणजे जबाबदारीही उतरली, असे आपले मन म्हणेल काय?

तेव्हा कसोटी एकच धरावी. ज्या गाडीत आपण आपल्या नातवाला बसवू, ती ठेवावी किंवा विकावी, दोन्ही चांगले. विकताना उणेपण तोंडाने सांगावे आणि शक्य तर कागदावर लिहून द्यावे. ज्या गाडीत आपण नातवाला बसवणार नाही, ती दुसऱ्याच्या नातवासाठी विकू नये. आणि ती ठेवूही नये. कारण ठेवली की एखाद्या घाईच्या दिवशी आपणच तिच्यात माणसे भरतो. अशा गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रांची सोय केली आहे. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि ती पुन्हा रस्त्यावर येत नाही.

हे सारे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ चासीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे बुवा, लाखाला पाणी सोडायचं." मी होय म्हणालो. दुसरे गोड उत्तर माझ्याजवळ नव्हते. पोरीची फी कशी भरणार, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

परतताना त्यांनी दिंडीतली सहा माणसे गाडीतून उतरवून एसटीत बसवली. म्हाताऱ्या माणसांना ते आवडले नाही, कुरकूर झाली. गाडीत फक्त भांडी आणि सतरंज्या राहिल्या. नाशिकच्या वाटेवर ती हळूहळू पुढे गेली. आषाढीला सामानासाठी भाड्याचा टेंपो पाहायचे ठरले आहे. वर्गणी माणशी थोडी वाढेल, इतकेच.

॥ रामकृष्णहरि ॥