चाप ओढण्यापूर्वी

१९९२ सालच्या ऑक्टोबरच्या १७ तारखेस, अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे, हॅलोवीनच्या मेजवानीस निघालेला योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी आपल्या यजमानांच्या मुलासह चुकीच्या घरापाशी जाऊन पोहोचला. घंटा वाजली, गृहिणीने बाजूचे दार उघडून पाहिले, घाबरून ते लावून घेतले आणि नवऱ्यास बंदूक आणावयास सांगितले. मुले मोटारीकडे परत फिरली होती, परंतु नवऱ्याने .४४ जातीचे रिव्हॉल्व्हर घेऊन ते लावलेले दार पुन्हा उघडले. हातात कॅमेरा, अंगावर पांढरा पोशाख, आणि आपण योग्य स्थळीच आलो आहो अशा समजुतीने पुढे येणारा तो मुलगा, ‘फ्रीज’ या आज्ञेचा अर्थ बहुधा न उमगल्यामुळे, थांबला नाही. एक गोळी सुटली. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात फौजदारी खटल्यात ज्यूरीने घरमालकास निर्दोष ठरविले. १९९४ साली दिवाणी न्यायालयाने मात्र त्याच्यावर नुकसानभरपाईचा बोजा टाकला.

या मामल्याचा विचार करू लागले की मन त्या अखेरच्या दोन-तीन सेकंदांवर जाऊन खिळते, आणि मग असे वाटू लागते की, त्या गृहस्थास चटकन ओळखण्याचे अधिक चांगले शिक्षण मिळाले असते तर कॅमेरा कॅमेराच दिसला असता. याच समजुतीवर एक मोठा उद्योग उभा आहे. १९७९ सालचा मोटारशर्यतींचा जगज्जेता जोडी शेक्टर याने निवृत्तीनंतर, १९८४ साली, जॉर्जिया राज्यात ज्या प्रकारच्या यंत्रांचा कारखाना काढला, ती सिम्युलेटर म्हणून ओळखली जाणारी यंत्रे आज अमेरिकेतील पोलीस-शिक्षणात रूढ झाली असून नागरिकांनाही त्यांवर सराव करता येतो. भिंतीएवढ्या पडद्यावर प्रसंग घडू लागतो. शिकणाऱ्याच्या हाती खऱ्याच्या वजनाचे, परंतु गोळीऐवजी लेसरचा किरण सोडणारे पिस्तूल असते. मागे बसलेला शिक्षक त्याचे बोलणे व वागणे पाहून प्रसंगाला वेगळी वाट देतो, म्हणजे तोच संतप्त मनुष्य एकदा खिशातून सुरा काढतो आणि एकदा ओळखपत्र. शेवटी सारा प्रसंग पुन्हा दाखवून, केव्हा काय दिसले आणि बोट केव्हा हलले, याची जबानी घेतली जाते.

या साधनाचा मी तिरस्कार करीत नाही. कागदी लक्ष्यावर वर्षभर नेम धरणारा मनुष्य फक्त नेम धरावयास शिकतो, कारण कागद कधी निरपराध नसतो. श्रावणबाळाची कथा आपल्याकडे अक्षरओळखीच्या आधी कानी पडते, आणि तिचे मर्म ध्यानात यावयास अर्धे आयुष्य जाते. शरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा आवाज झाला, दशरथास तो हत्ती पाणी पीत असल्याचा वाटला, आणि शब्दवेधी बाण जिथे जावयाचा तिथेच गेला. विद्येत तिळमात्र कसूर नव्हती. कसूर होती ती आवाज आणि बाण यांच्यामध्ये जी शहानिशा हवी होती तिच्या अभावाची. न मारण्याचा प्रसंग जिथे शिकविला जातो, ती शाळा निदान ती उणीव ओळखते.

परंतु ही शहानिशा फुकट होत नाही. उट्रेक्टच्या डोंडर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८६८ सालीच दाखविले की, संकेत मिळताच ठरलेली कृती करावयास जो वेळ लागतो, त्याहून संकेतांत भेद करून कृती निवडावयास अधिक लागतो. सरावाने हे अंतर थोडे घटते, पण नाहीसे होत नाही. आणि घाई करणारे मन ते बहुधा अपेक्षेने भरून काढते, म्हणजे जे दिसेल असे वाटत होते तेच पाहते. जोशुआ कॉरेल व त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, साध्या संगणकी खेळातसुद्धा, निःशस्त्र कृष्णवर्णीयांवर ‘गोळी’ झाडण्याची चूक निःशस्त्र गौरवर्णीयांच्या मानाने अधिक झाली. म्हणून ज्या यंत्रातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग शस्त्राने संपतो, ते यंत्र विवेक शिकवीत नसून अपेक्षा शिकवीत असते, आणि ती अपेक्षा शिकणारा आपल्याबरोबर रस्त्यावर घेऊन जातो.

याहूनही गंभीर आक्षेप मला काळाच्या मापाविषयी घ्यावयाचा आहे. यंत्रातला प्रसंग सुरू होतो तेव्हा शिकणारा अगोदरच पडद्यापुढे उभा असतो, अंतर कोणीतरी आधीच ठरविलेले असते, आणि ‘मी इथे का आलो’ हा प्रश्न विचारण्याची सोय नसते. क्लीव्हलँड येथे २०१४ च्या नोव्हेंबरात बारा वर्षांच्या टॅमिर राइसवर पोलीस अंमलदाराने गाडीतून उतरता उतरता, सुमारे दोन सेकंदांत, गोळी झाडली; मुलाजवळ खेळण्यातले पिस्तूल होते. ते दोन सेकंद दैवाने दिले नव्हते. गाडी थेट मुलाच्या जवळ नेऊन उभी केल्यामुळे ते तेवढेच उरले होते. सॉल्ट लेक सिटीचा पोलीस शिक्षक डेनिस ट्यूलर याने १९८३ साली लिहिले की, सुरा घेतलेला मनुष्य २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात काटतो. त्याच्या लेखाचा रोख आधीच सावध होऊन आडोसा गाठावा, अंतर वाढवावे, असा होता. तरी पुढे त्या २१ फुटांचा अर्थ कित्येकांनी गोळी झाडण्याचा परवाना असा लावला.

उगारलेल्या सुऱ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडून शांत चिंतनाची अपेक्षा करता येत नाही, असे अमेरिकेचे न्यायमूर्ती होम्स यांनी १९२१ साली म्हटले ते यथार्थच आहे. पण त्या करुणेचा लाभ आधीच्या मिनिटांना का मिळावा? आपल्या १८६० च्या दंडसंहितेने ९९ व्या कलमात, आणि आता न्याय संहितेने ३७ व्यात, सरकारी संरक्षण मागावयास अवधी असेल तर खाजगी बचावाचा हक्क उरत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. फ्लोरिडाने २००५ साली माघार घेण्याची जबाबदारीच काढून टाकून नेमकी उलट दिशा धरली. एका कायद्यात घड्याळ धोक्याच्या आधीपासून चालू असते, दुसऱ्यात ते धोक्याबरोबर सुरू होते. आणि ही यंत्रे, त्यांच्या निर्मात्यांच्या मनात असो वा नसो, दुसऱ्या घड्याळावर चालतात.

मला एक प्रसंग या यंत्रांत घातलेला पाहावयाचा आहे. तो घंटा वाजल्यापासून सुरू व्हावा. दार लावलेले आहे, टेलिफोन हाताशी आहे, बाहेर पांढऱ्या पोशाखातला एक मुलगा आपल्या सोबत्याबरोबर मोटारीकडे परत चालला आहे. शिकणाऱ्याने दार उघडले नाही, खिडकीतून नुसते पाहत राहिला, तर थोड्या वेळाने मोटार सुरू होऊन निघून जावी, पडद्यावर रिकामा रस्ता उरावा, आणि मागे बसलेल्या शिक्षकाने आपल्या वहीत त्या प्रसंगापुढे पूर्ण गुण मांडावेत.