ओळख वाढू द्या

जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण नुसत्या नावाने भागत नाही. ओळख वाढावी लागते.

देवाचंही तसंच. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृतची एवढी मोठी विदुषी. वाचन, चर्चा, वाद, कशाचीच उणीव नव्हती. तरी काही वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. असं कबूल करायला धैर्य लागतं. विद्वानाला तर जरा जास्तच! पण ओळख वाढली ती तिथूनच.

मग केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळात होरपळलेल्या मुलींना, विधवांना, अंध स्त्रियांना जवळ केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच मुली. प्रार्थना वेगळी आणि काम वेगळं, असं उरलंच नाही.

ओळख वाढते ती सहवासाने. तेव्हा श्रोतेहो, आज मागण्यांची यादी बाजूला ठेवा. काहीही न मागता थोडा वेळ देवापाशी बसा. आणि मगच कामाला लागा.