शेतातील ठेव आणि शेताचा धनी

हरवलेली वस्तू ज्याला सापडते, त्याचा तिच्यावर हक्क किती? रस्त्यात सापडलेल्या पैशांच्या पाकिटापुरते या प्रश्नाचे उत्तर आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही देईल. परंतु हरवलेले गाणे सापडले तर? ज्या गाण्याला त्याच्या काळी कोणी विचारले नाही, ज्याच्या थोड्याशा तबकड्या निघाल्या आणि पुढे जुन्या बाजारात रद्दीच्या भावाने गेल्या, ते गाणे चाळीस-पन्नास वर्षांनी कोणी धूळ झटकून ऐकले आणि त्याला ते अपूर्व वाटले, तर आता ते कोणाचे? ज्याने गायिले त्याचे, ज्याने जपले त्याचे, की ज्याने शोधले त्याचे?

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी बसून आम्ही हा प्रश्न रॉक संगीताच्या निमित्ताने विचारावा, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्याकडचे संगीत म्हणजे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात घुमणारी पावरी, लग्नातले संबळ आणि रविवारच्या मिस्सातील पेटी व ढोलकी. लग्नमंडपात लाऊडस्पीकरवाला पेटाऱ्यातून काढून लावी त्या तबकड्या चित्रपटगीतांच्या. रॉक आणि त्याची पंक, मेटल ही अधिक कर्कश भावंडे आमच्या आठवडे बाजारापर्यंत कधी पोहोचलीच नाहीत. आता मात्र नाशिक-पुण्याला शिकावयास गेलेली आमची मुले सुटीत घरी येतात ती कानांत बोंडे घालून. काय ऐकता म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते की मुंबईच्या एका जुन्या, कोणाला ठाऊक नसलेल्या बँडची 1970 च्या दशकातील गाणी! आपल्या जन्मापूर्वीच्या विस्मृत संगीताविषयी या पिढीला एवढी ओढ का, हे समजून घेण्यासाठी आम्हीही ती ऐकली, त्यांच्याविषयी वाचले, आणि ऐकता-वाचता प्रारंभीच्या प्रश्नापाशी येऊन थांबलो.

हा इतिहास थोडक्यात असा. बीटल्सचा डंका जगभर वाजला तेव्हा 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई, मद्रास, बंगळूर, कलकत्ता, शिलाँग अशा शहरांतून तरुणांचे शेकडो बँड निघाले. परदेशी गिटार परवडत नसे. कित्येकांनी ध्वनिवर्धक घरीच जुळवले. मुंबईत या वादकांमध्ये ख्रिस्ती घरांतील मुले पुष्कळ होती, आणि तालमीला वा कार्यक्रमाला चर्चचे सभागृह मिळाले तर त्यांना आनंद होई. सिद्धार्थ भाटिया यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात या पिढीची हकीकत लिहून ठेवली आहे. पण या मुलांची गाणी तबकडीवर आणली कोणी? कोणा संगीतप्रेमी संस्थेने नव्हे. इंपीरियल टोबॅको, म्हणजे आजची आयटीसी, या कंपनीने आपल्या 'सिमला' नामक सिगारेटच्या प्रचारासाठी 'सिमला बीट' ही स्पर्धा भरविली, आणि तीत चमकलेल्या बँडच्या गाण्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका 1970 व 1971 या वर्षी निघाल्या. तरुणांना धूम्रपानाची चटक लावण्याच्या उद्योगातून तरुणांचे संगीत वाचले! चांगल्या गोष्टी चांगल्याच हातांनी जपल्या जातात, असा ज्यांचा समज असेल त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

त्या दोन तबकड्या पुढे दुर्मीळ झाल्या, परदेशातील संग्राहक त्यांच्या मागे लागले आणि कालांतराने त्या तिकडेच पुन्हा छापल्या गेल्या. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडचेही तसेच. त्यांची 'ऑब्सेशन 77' ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. 2011 मध्ये अमेरिकेतील नाऊ-अगेन या संस्थेने ती नव्याने प्रकाशित केली आणि जगाला भारतीय रॉकचा 'शोध' लागला.

शोध हा शब्द आम्ही अवतरणात घातला आहे. नंदू भेंडे यांचे उदाहरण घ्या. मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे व आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. मराठी नाट्यसंस्कारांत वाढलेला हा मुलगा 'व्हेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये इंग्रजी रॉक गाऊ लागला, आणि 1974 मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राईस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक रंगमंचावर आणले तेव्हा त्यात यहूदाची भूमिका त्याने केली. पुढेही संगीत हेच त्यांचे आयुष्य राहिले. 2014 साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी वयोवृद्ध वडीलही गेले. असा माणूस हरवला होता, असे कोणी कसे म्हणावे? मुंबईत तो डोळ्यांसमोर गात होता. हरवले होते ते आपले लक्ष. तेव्हा 'पुनःशोध' या शब्दात शोधणाऱ्याचे कौतुक अधिक आणि गाणाऱ्याचा मान कमी आहे, असे आम्हांस वाटते.

जाता जाता त्या संगीतकाविषयी एक शब्द. त्याची कथा क्रूसापाशी संपते. पुनरुत्थान त्यात नाही, आणि श्रद्धावंतांचा त्यावरचा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. पण म्हणून हे संगीतच धर्माला परके, असे मानण्याचे कारण नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषद संपल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल 1966 मध्ये, मार्चेल्लो जोंबिनी यांनी तरुणांसाठी रचलेली मिस्सा-गीते रोममध्ये विद्युत गिटारीवर गायिली गेली. अमेरिकेत 'इलेक्ट्रिक प्रून्स' या बँडच्या नावाने 1968 मध्ये अख्खी लॅटिन मिस्सा रॉकमध्ये निघाली. तिचे संगीत डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉड यांचे. ती आम्ही ऐकली. किरिएच्या वेळी अंगावर काटा येतो. नंतरचा भाग मात्र लांबला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक हकीकत थोडी विस्ताराने सांगावयास हवी, कारण तीत या विषयाचे मर्म आहे. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तीन कृष्णवर्णीय भाऊ राहत. त्यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी बँड काढला आणि, पंक हे नाव रूढ होण्यापूर्वीच, पंक म्हणावे असे संगीत वाजविले. वडील अपघातात गेले होते. थोरल्या डेव्हिडने बँडला नाव दिले 'डेथ', म्हणजे मृत्यू. त्याच्या मनात अभद्र काही नव्हते. मृत्यूकडे भिऊन पाहू नये, तो एक प्रवास आहे, अशी त्याची धारणा होती. 1975 मध्ये त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला ती आवडलीही. पण हे नाव बदला, असे त्याने सुचविले. डेव्हिडने नकार दिला. व्यवहार मोडला, आणि ठरलेल्या बारा गाण्यांपैकी सातच पुरी झाली. 1976 मध्ये त्यांनी स्वतःच्या बळावर एक लहान तबकडी काढली, अवघ्या पाचशे प्रतींची. तीही कोणी विचारली नाही. पुढे भाऊ व्हर्मांट राज्यात गेले, निराळ्या नावाने ख्रिस्ती भक्तिपर रॉक गाऊ लागले. डेव्हिड डेट्रॉईटला परतला. मृत्यूपूर्वी त्याने मूळ फिती बॉबीच्या स्वाधीन केल्या आणि बजावले की एक दिवस जग या शोधीत येईल, तेव्हा त्या तुझ्यापाशी असल्या पाहिजेत. 2000 मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले. आठ वर्षांनी बॉबीच्या मुलाने कोठल्याशा मेजवानीत ती जुनी तबकडी ऐकली आणि गाणारा आवाज आपल्या वडिलांचा आहे हे ओळखले! घरात त्या विषयी कधी बोलणेच झाले नव्हते. 2009 मध्ये ती सातही गाणी प्रसिद्ध झाली, आणि राहिलेले दोघे भाऊ पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले.

ही कथा ऐकून डोळे पाणावणे साहजिक आहे. पण जरा थांबून पाहावे. संग्राहकांनी ती पाचशेतील तबकडी शोधली नसती तर मुलाच्या कानी वडिलांचा आवाज पडला नसता. आणि तीच तबकडी संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला जाऊ लागली तेव्हा त्यातील छदामही हॅकनी बंधूंना मिळत नव्हता; जुन्या वस्तूच्या विक्रीत निर्मात्याचा वाटा नसतोच. उपकार आणि अन्याय एकाच हाताने झाले.

शुभवर्तमानात सापडण्याचे दोन दाखले आहेत, आणि ते जोडीने वाचावेत असे आम्हांस फार दिवस वाटते. मत्तयच्या तेराव्या अध्यायातील मनुष्याला शेतात ठेव सापडते. तो काय करतो? ती पुन्हा लपवितो आणि सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्रीचे एक नाणे हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, आणि नाणे सापडताच शेजारणींना बोलावून आनंद करते. दोन्ही दाखले स्वर्गराज्याविषयी आहेत हे आम्ही जाणतो, त्यातून सावकारी वा वतनाचे नियम काढू नयेत हेही जाणतो. तरी माणसाच्या स्वभावाचे जे चित्र त्यांत सहज उमटले आहे ते पाहावे. जुन्या ध्वनिमुद्रिकांचे शोधक या दोन जातींचे असतात. पहिला मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर गठ्ठे उपसतो, हवी ती तबकडी दिसली की चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, दहा-वीस रुपयांत ती घेतो आणि कपाटात ठेवतो. माझ्याजवळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, हा त्याचा आनंद. दुसरा शेजाऱ्यांना हाका मारतो.

पण दोन्ही दाखल्यांना एक मेख आहे. स्त्रीचे नाणे तिचेच होते. शेतातील ठेव मात्र त्या मनुष्याची नव्हती. ती कोणीतरी पुरलेली होती, आणि शेताला धनी होता. त्याला विचारण्याचा उल्लेख नाही. विस्मृत संगीताचा शोधक कितीही उदार झाला तरी तो त्या स्त्रीच्या जागी उभा राहू शकत नाही, कारण नाणे त्याचे नाही. शेजाऱ्यांना बोलावण्यापूर्वी त्याने धन्याचे दार ठोठावले पाहिजे. असे शोधक आहेतही. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. 1982 मध्ये त्यांनी विद्युत वाद्यांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. ती रॉक नव्हे, आणि ती चाललीही नाही. एका डच संग्राहकाला ती 2002 मध्ये दिल्लीत मिळाली. त्याने ती कपाटात न ठेवता मुंबईत चरणजितजींचा शोध घेतला, त्यांची भेट घेतली आणि 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. सत्तरी ओलांडलेल्या त्या कलावंताने युरोपात जाऊन कार्यक्रम केले. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. याच्या उलट डेट्रॉईटचे रॉड्रिग्ज. त्यांची गाणी 1970 च्या दशकापासून दक्षिण आफ्रिकेत घरोघर वाजत होती, आणि ते स्वतः डेट्रॉईटमध्ये इमारती पाडण्याचे मजुरीचे काम करीत होते. आपण तेथे प्रसिद्ध आहोत हे त्यांना 1990 च्या दशकाच्या अखेरीस कळले. 

कोणी म्हणेल, लोभ नसता तर तबकड्या वितळून गेल्या असत्या. खरे आहे. ज्याने लपविली त्यानेही जपलीच. म्हणून आम्ही संग्राहकाला चोर म्हणत नाही. त्याला राखणदार म्हणतो, आणि राखणदाराने पिकावर नाव सांगू नये, एवढेच आमचे म्हणणे. तसेच, दुर्मीळ ते श्रेष्ठ हा नव्या श्रोत्यांचा समजही आम्हांस मान्य नाही. सिमला बीटची कित्येक गाणी विलायती गाण्यांची नक्कल आहेत. काही ऐकवत नाहीत. पण तरुण मुले परक्या भाषेत, उसन्या वाद्यांवर, आपले काहीतरी म्हणू पाहत होती, याचे मोल गाण्याच्या गुणांवर अवलंबून नाही. ज्याला कोणी ऐकले नाही त्याला एकदा तरी नीट ऐकावे, मग आवडो वा न आवडो.

हे सारे मुंबई-डेट्रॉईटचे, कळवणला त्याचे काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आपापल्या घरचे माळे पाहावेत. आमच्या परिसरातील कोकणा समाजात थाळगान आहे. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करावयाची आणि तिच्यावरून बोटे ओढीत, त्या घुमणाऱ्या नादावर रात्ररात्र कथा सांगावयाची. आता लोक मोबाईलवर ती टिपून घेतात. गावाचे नाव लिहिले जाते, जमातीचे लिहिले जाते. सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव लिहिले जातेच असे नाही, आणि ते ध्वनिमुद्रण त्याच्या घरी परत पोहोचते की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतही टू-इन-वनवर घरगुती भरलेल्या कॅसेटी आहेत: नाताळची गाणी, लग्नातली गाणी, क्रूसाच्या वाटेची गाणी. काहींना बुरशी आली आहे, काहींची फीत चिकटली आहे.

गेल्या पावसाळ्यात अशा काही कॅसेटी आम्ही मिळविल्या आणि जाणत्या मुलांकडून संगणकावर उतरवून घेतल्या. एकीवर निळ्या शाईत फक्त 'नाताळ' एवढेच लिहिले होते. तीत अकरा गाणी आहेत. घरोघर ऐकवीत फिरलो तेव्हा पेटी कोणाची, ढोलकी कोणाची, हे हळूहळू उलगडले आणि वहीत नोंदविले. दोघेजण हयात नाहीत, त्यांच्या मुलांना प्रती दिल्या. तिसऱ्या गाण्यात एकटीच गाणारी जी मुलगी आहे, तिला मात्र अजून कोणी ओळखलेले नाही.