याकोबासाठी देवदूत का आला नाही?

वसईतल्या बऱ्याच जुन्या ख्रिस्ती घरांत एक चित्र असतं. मोडक्या लाकडी पुलावरून दोन मुलं ओढा ओलांडताहेत आणि त्यांच्या मागे पंख पसरलेला राखणदार देवदूत उभा आहे. आमच्या घरी ते आजीच्या खाटेवर टांगलेलं होतं आणि झोपण्याआधी ती आम्हा भावंडांकडून त्या दूताची प्रार्थना म्हणवून घ्यायची. पुढे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवू लागले, तीच प्रार्थना मुलांना शिकवू लागले. त्या वर्गात एका मुलीनं मला विचारलं, ‘बाई, मग माझ्या दादाचा देवदूत कुठं होता?’ तिचा भाऊ पावसाळ्यात बावखलात बुडाला होता.

त्यांच्या घरी भेटायला आलेल्या एका बाईंनी आपला मुलगा लोकलखाली येता येता कसा वाचला ते सांगितलं होतं. देवदूतानंच त्याला मागं ओढलं, असं त्या म्हणाल्या. धीर देण्यासाठीच म्हणाल्या. पण ज्या आईचा मुलगा गेला होता ती समोर बसून ऐकत होती.

देवदूतांवर माझी श्रद्धा आहे. आयुष्याच्या आरंभापासून मरणापर्यंत माणसाभोवती देवदूतांची राखण आणि मध्यस्थी असते, असं 1992 च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे. पण या राखणीचा अर्थ ‘काही वाईट होणार नाही’ असा आपण लावतो, तो शास्त्रात कुठं आहे? देव तुझ्यासाठी दूतांना आज्ञा देईल, हे 91 व्या स्तोत्रातलं वचन आपण घरोघरी म्हणतो. शुभवर्तमानात मात्र ते सैतानाच्या तोंडी येतं. मंदिराच्या टोकावरून उडी मार, दूत तुला झेलतील, असं तो प्रभूला सुचवतो आणि प्रभू नकार देतो. पुढे गेथसेमाने बागेत, लूक सांगतो त्याप्रमाणे, स्वर्गातून दूत येतो खरा, पण दुःखाचा प्याला दूर करायला नव्हे. तो येशूला बळ देतो. त्यानंतर प्रभू क्रूसाकडेच जातो.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. पेत्र तुरुंगात आहे. दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, आणि तरी झोपलेला! दूत त्याच्या कुशीत मारून त्याला उठवतो. साखळ्या गळून पडतात. पण कमरपट्टा बांध, वहाणा घाल, झगा पांघर, हे तो पेत्राला करायला सांगतो. माणसाला जे स्वतः करता येतं ते दूत करत नाही. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, दोघं एक रस्ता चालून जातात आणि तिथंच दूत त्याला सोडून निघून जातो. पुढचं घर पेत्रानंच शोधायचं. त्या घरात त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेल्यांना दारात पेत्र आहे हे खरं वाटत नाही, ते म्हणतात, त्याचा दूत असेल. प्रत्येकाबरोबर त्याचा दूत असतो ही समजूत त्या पहिल्या मंडळीत इतकी रुजलेली होती.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण आपण ती सांगतो पेत्राच्या अटकेपासून. अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात हेरोद राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं ठार केलेलं असतं. तोही बारा प्रेषितांपैकीच, ताबोर डोंगरावर पेत्राच्या शेजारी उभा राहिलेला. त्याच्यासाठी कुणी दूत आला नाही. का नाही, हे लूक सांगत नाही. याकोबाची श्रद्धा कमी पडली असंही तो कुठं म्हणत नाही.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारले गेले. त्यांचे दोर कुणी सोडले नाहीत. 1862 मध्ये ख्रिस्तसभेनं त्यांना संत म्हणून गौरवलं. त्यांना राखणदार दूत नव्हता, असं म्हणायला आपल्यापैकी कोण धजेल?

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं या प्रश्नाला थेट हात घातला. राखणदार दूत माणसाला कधीच पूर्णपणे सोडून जात नाही, पण ईश्वरी न्यायानुसार एखादं संकट तो अडवतही नाही, असं त्यानं लिहिलं. हे मी मानते. आपल्या माणसाच्या दुःखानं दूत दुःखी होत नाहीत, असंही तो म्हणतो. त्याची कारणमीमांसा मला समजते. पण मूल गमावलेल्या आईपुढं ते वाक्य मी कधीच उच्चारणार नाही.

त्या मुलीला मी लाझराची गोष्ट सांगितली. श्रीमंताच्या दाराशी तो उपाशी पडला होता, कुत्री त्याचे फोड चाटत होती. जिवंतपणी त्याच्यासाठी दूतानं भाकर आणल्याचं प्रभू सांगत नाही. पण तो मेला तेव्हा दूतांनी त्याला उचलून आब्राहामाच्या उराशी नेलं. म्हणूनच अंत्यविधीत आपण देवदूतांना विनवतो, की या जिवाला स्वर्गात घेऊन जा. तुझा दादा पाण्यात एकटा नव्हता, असं मी तिला म्हणाले. ती काही बोलली नाही, आणि मीही पुढं काही बोलले नाही.

दर वर्षी 2 ऑक्टोबरला राखणदार देवदूतांचा सण येतो. वर्गावर्गांतून पेत्राची गोष्ट सांगितली जाते. माझी धर्मशिक्षकांना विनंती आहे, की ती याकोबापासून सांगायला सुरुवात करा. आणि अपघातातून कुणी वाचलं तर देवाचे आभार जरूर माना, मिस्सा अर्पण करा, पण ज्या घरातून नुकतीच शवपेटी बाहेर पडली आहे तिथं बसून ती हकिकत सांगू नका.