नावाचा रकाना

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलं की मान आपोआप वर जाते. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत, आणि फोटोही त्यांचेच निघतात. पण पुढच्या वेळी गेलात तर भिंतींपाशी आणि खांबांपाशी थांबून ब्राह्मी अक्षरं शोधा. तिथे नावं आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ सांगतो, हे लेणं मी पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात याहून उत्तम लेणं नाही. धेनुकाकट गावचा सिंहदत्त सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. त्यानं दारासाठी दान दिलं. त्याच गावच्या काही यवनांनी खांब दिले. आणि एक सामी आहे, वेणुवासाचा मुलगा, धंद्यानं सुतार. त्यानं दाराचं काम केलं.

आता त्याच डोंगरावरून खाली बघा. मळवली स्टेशन, लोणावळ्याकडे जाणारे रूळ आणि त्यापुढे बोरघाट. घाटातल्या रेल्वेचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ मध्ये पूर्ण झालं. जानेवारी १८६१ मध्ये तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. सुरुंग, दरडी, कॉलरा. त्यात हजारो गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अॅलिस हिनं काम पुढे नेलं. या दोघांची नावं रेल्वेच्या इतिहासात सापडतात. बाकीचे चाळीस हजार 'मजूर' या एका शब्दात बसवलेत.

मला हे फार विचित्र वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव बापाच्या नावासकट माहीत आहे. आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी, छापखाना, तारायंत्र आणि कॅमेरा असताना, ज्यांनी डोंगर फोडला त्यांचं काहीच नाही. म्हणजे नावं काळानं पुसली असं म्हणता येत नाही. माणसं मुकादमामार्फत यायची. कंपनीला डोकी मोजायची होती, नावांशी तिचं काम अडत नव्हतं.

मी नोकरीत दिवसभर डेटाबेस बघते. टेबल बनवताना कुठला रकाना ठेवायचा हे कुणीतरी बसून ठरवतं. रिकामा रकाना नंतर भरता येतो. पण रकानाच नसेल, तर ती माहिती कधी असू शकली असती याचाही पत्ता लागत नाही. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवरचा 'अज्ञात' हा शब्द मला खटकतो. अज्ञात म्हटलं की तो त्या माणसाचाच गुण वाटतो, जणू तो जन्मला तोच बिननावाचा. 'नाव नोंदवलं नाही' असं लिहिलं तर निदान प्रश्न उरतो: कुणी नोंदवलं नाही?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हा प्रश्न पावलोपावली पडतो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी जमवली. ज्या वस्तूंना कुणी इतिहास म्हणत नव्हतं त्या वस्तू. १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव आहे त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. ते स्वतः कविता लिहायचे 'अज्ञातवासी' या नावानं. पण तो अडकित्ता घडवणारा लोहार? त्याला विचारायला तेव्हाही उशीर झालेला होता.

नावं नसली की लोक आपल्या परीनं भरतात. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात की घाटाची वाट साहेबाला या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. याला कागदाचा पुरावा मागायचा का? संग्रहालयानं मागायलाच हवा. पुरावा नसेल तर 'ही दंतकथा आहे' असं स्पष्ट लिहायलाही हवं. पण देवळाला हसू नये. चाळीस हजारांतल्या निदान एकाला तरी नाव असावं, हे लोकांना वाटलं. कंपनीला वाटलं नव्हतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कार्ल्याची नावं बहुतेक दान देणाऱ्यांची आहेत. सामीसारखा कारागीर अपवाद. डोंगर पोखरणारे तिथेही गायबच. मान्य. म्हणजे पैसा असला की नाव कोरलं जातं, ही जुनीच रीत आहे. म्हणूनच ती मोडायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

असे कष्ट घेतल्याचं उदाहरण जवळच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. तिथे ओवीखाली 'पारंपरिक' असं लिहून विषय संपवलेला नाही. गायिकेचं नाव, गाव, वय, व्यवसाय दिलेला आहे.

अर्थात नाव छापणं म्हणजे दरवेळी उपकारच असं नाही. सासरच्या जाचाची ओवी नावानिशी जगापुढे ठेवायची की नाही, हे त्या बाईनं ठरवायचं. एखादी म्हणेल, गाणं घ्या, नाव नको. तेही नोंदवावं: नाव सांगितलं, छापू नका म्हणाली. तिनं नको म्हणणं आणि आपण न विचारणं यात फार अंतर आहे.

आपल्या पिढीसाठी हा प्रश्न बोरघाटापेक्षा जवळचा आहे. शनिवारी रात्री आपण पवनेच्या काठावर तंबू ठोकतो, पाण्यात चांदणं पडलेलं असतं, स्टोरी टाकतो. त्या पाण्याखाली गावं आहेत, आणि तिथून उठवलेली माणसं अजून मावळात राहतात. आता म्हातारी झालीत. कुणाचं घर कुठे होतं, देऊळ कुठे, विहीर कुणाची, हे त्यांना तोंडपाठ आहे.

छोट्या गावातल्या संग्रहालयाकडून माझी अपेक्षा इतकीच आहे. तलवारी आणि नाणी नंतर येऊ देत. आधी एक खोली, एक टेबल, आठवड्यातला एक दिवस. लोकांनी घरातले जुने फोटो घेऊन यावं, त्यातल्या प्रत्येकाचं नाव सांगावं, आणि कॉलेजच्या पोरांनी ते मोबाईलवर रेकॉर्ड करून, परवानगी विचारून, लिहून ठेवावं. यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र थोडा उरलाय, कारण फोटोतल्या मागच्या रांगेतली बाई कोण, हे सांगू शकणारं माणूस घरोघरी आता एखादंच असतं.